क्लोरीन नसलेल्या तलावात रोज किती जण उतरू शकतात?

क्लोरीन न टाकता पोहायचा तलाव ही आयडिया ऑस्ट्रियातली, १९७०-८० च्या दशकातली. लोकांनी घरामागे तळी केली, एका भागात पोहायचं, दुसऱ्या भागात खडी-वाळूत पाणवनस्पती लावायच्या आणि पाणी त्यातनं जात राहील असं बघायचं, बस. त्यात उतरणार कोण तर घरचीच चार माणसं, त्यामुळे रोगजंतूंचं टेन्शन कुणाला फारसं नव्हतं, भांडण होतं ते शेवाळाशी.

खरी गोची झाली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी, जर्मनीत सार्वजनिक तलाव असे व्हायला लागले तेव्हा. क्लोरीनचं कसं असतं, ते पाण्यात उरलेलं असतं, म्हणजे शेजारच्याच्या अंगावरचा जंतू तुमच्या तोंडात जायच्या आत बहुतेक वेळा मेलेला असतो. इथे पाण्यात असं काहीच नाही. खडीवरचा जिवाणूंचा थर, पाणपिसवा (जंतू खाणारे पाण्यातले बारीक जीव), ऊन हे सगळे जंतू कमी करतात पण सावकाश, आणि फिल्टरमधनं पाणी फिरून यायच्या आत एखादं पोरगं दोन घोट पिऊन मोकळं झालेलं असतं.

म्हणून २००३ मध्ये जर्मनीत या तलावांसाठी शिफारशी आल्या, १०० मिलि पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) १०० पेक्षा जास्त नको, एन्टरोकोकाय (तसलाच दुसरा) ५० आणि कान दुखवणारा स्यूडोमोनास १० च्या आत. युरोपात २००६ च्या नियमांत नदी-तलावाचं पाणी 'उत्कृष्ट' ठरायला ई. कोलायची हद्द ५०० आहे, म्हणजे हे त्याहून बरंच कडक, आणि मला तरी ते बरोबर वाटतं, कारण एवढ्याशा पाण्यात एवढी माणसं नदीत कुठे असतात!

जंतू पटकन मारता येत नाहीत म्हटल्यावर हातात उरतं ते म्हणजे पाण्यात येणारी घाण कमी करणं. आधी साबण लावून अंघोळ, बदकांना हाकलणं (त्यांची विष्ठा हे मोठं कारण), आणि मुख्य म्हणजे रोज किती माणसं सोडायची ते ठरवणं. लंडनला किंग्ज क्रॉसमध्ये २०१५ ला ४० मीटर लांबीचं असं तळं उघडलं तिथे दिवसाला फक्त १६३ जणांना प्रवेश होता, कारण झाडं तेवढंच पाणी साफ करू शकत होती. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या रिहेनला २०१४ ला झालेला तलाव मात्र दिवसाला २,००० लोकांच्या हिशोबाने बांधलाय, त्यासाठी फिल्टरची कुंडं समोरच्या उतारावर वेगळी केलीत.