इसबासाठी दाखवायला येताना: मेडिकलची ट्यूब आधी लावू नका

खाजेसाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी आधी मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावलेली असते. दोन दिवसांत खाज थांबते, शेजारच्या काकूंनाही तीच ट्यूब सुचवली जाते. लावायची थांबली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, आणि मग आमच्याकडे नंबर लागतो.

अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चट्टा इसबाचा नसून गजकर्णाचा असला, तर स्टेरॉइडने खाज दबते, पण बुरशी पसरतच राहते. वर चट्ट्याची गोल कडही पुसली जाते, त्यामुळे नुसतं बघून ओळखणं आम्हालाही जड जातं. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, तर अर्धवट औषधामुळे बुरशीचे धागे सापडतीलच असं नाही. मग ‘ट्यूब बंद करा आणि काही दिवसांनी या’ असं सांगावं लागतं. फेऱ्या मारायला लावतात, अशी तक्रार होते ती इथेच. ट्यूब लावून झालीच असेल, तर तिचं खोकं घेऊन या. ‘पांढरी-निळी होती’ एवढ्यावरून काही कळत नाही.

‘पण तुम्हीही स्टेरॉइडच देता की!’ हो, देतो. इसबाची सूज त्यानेच उतरते. मात्र पापणीला सौम्य, तळहाताला जोरदार, आणि किती दिवस तेही चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. बोटाच्या पहिल्या पेराइतकं मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

मॉइश्चरायझर मात्र मोजून लावू नका. कोमट पाण्याने अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच चोपडा, चट्टा गेल्यावरही. आमच्या काउंटरवर मिळतं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. वांगं-दही सरसकट बंद करायची गरज नाही.

सिमेंटने हात फुटणारे गवंडी, गाजर गवताने पापण्या-मान सुजणारे शेतकरी, यांचं इसब मलमाने तेवढ्यापुरतं बसतं. कशाची अॅलर्जी आहे ते शोधायला पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतो, तीही इथेच. सोमवारी चिकटवतो, बुधवारी काढतो, शुक्रवारी पुन्हा पाहतो. तोवर पाठ भिजवायची नसते, तेव्हा घरात लग्नकार्य नसलेला आठवडा निवडा आणि आधी फोन करा.