कोरड्या जमिनीचे नाव, ओल्या ग्रहाला

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. तरीही इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच बोलणारे कोट्यवधी लोक तिला ज्या नावाने ओळखतात, त्याचा मुळातला अर्थ ‘सुकलेली’ असा आहे. ते नाव म्हणजे लॅटिनमधले ‘तेर्रा’.

मंगळ, शुक्र, गुरू यांना रोमन लोकांनी देवांची नावे दिली: मार्स, वीनस, जुपिटर. भूमीही त्यांच्या लेखी देवीच होती, पण ग्रहांच्या रांगेत तिला जागा नव्हती. ग्रह आकाशात फिरतात आणि जमीन पायाखाली स्थिर असते, हे रोज डोळ्यांना दिसत होते. १५४३ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ आला आणि पृथ्वी ग्रहांमध्ये जाऊन बसली. तिला नवे नाव देण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही. शेताच्या मातीला आणि समुद्रावरून दिसणाऱ्या किनाऱ्याला जो शब्द होता, तोच ग्रहाला चिकटला.

‘सुकलेली’ हा अर्थ कळला कसा? तुलनेने. लॅटिनमध्ये जुना ‘र्स’ बऱ्याच ठिकाणी ‘र्र’ झाला. त्यामुळे ‘तेर्रा’च्या आधी ‘तेर्सा’ असे रूप असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे रूप कुठे लिहिलेले सापडत नाही, पण त्याची भावंडे भरपूर आहेत. संस्कृतातला ‘तृष्’ हा धातू त्यांपैकीच एक. त्यापासून तृषा आणि तृष्णा झाली, तृष्णेची प्राकृतात ‘तण्हा’ झाली आणि मराठीत ‘तहान’. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत मूळ ‘त’चा ‘थ’ होतो. आपल्या ‘त्रि’समोर इंग्रजीत ‘थ्री’ येते, तसे ‘तृष्’समोर ‘थर्स्ट’ येते. म्हणजे आपली तहान (घशाची कोरडच ती) आणि युरोपातली ‘तेर्रा’ एकाच मुळाच्या आहेत. मला भाषाशास्त्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण इथे ऐकायला सारखा वाटला म्हणून शब्द जोडत नाहीत. ध्वनींचे बदल नियमात बसले तरच नाते मान्य होते. जाता जाता, चहाबरोबरचा ‘टोस्ट’ही याच घरातला. भाजून सुकवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला.

रोमन साम्राज्य विस्कटल्यावर प्रदेशाप्रदेशात शब्द वेगळा झिजला. इटालियनमध्ये तो जवळपास जसाच्या तसा राहिला. फ्रेंचमध्ये शेवटचा स्वर गळून ‘तेर’ उरले. स्पॅनिशमध्ये आघात (उच्चारातला जोर) पडलेला ‘ए’ फुटला आणि ‘तिएर्रा’ झाले. आघात सरकला की ‘ए’ पुन्हा साधा होतो: पुरणे म्हणजे ‘एंतेर्रार’, पण दफन म्हणजे ‘एंतिएर्रो’.

सगळ्यांत वेगळी वाट रोमानियनने धरली. तिथे ‘तेर्रा’चे ‘त्सारा’ झाले आणि अर्थ उरला ‘देश’. मग मातीला आणि ग्रहाला काय म्हणायचे? तिथे ‘पमन्त’ हा शब्द आला. तो लॅटिनच्या ‘पाविमेन्तुम’वरून आला आहे, म्हणजे चोपून घट्ट केलेली जमीन. इंग्रजीतला ‘पेव्हमेंट’ही तोच. आधुनिक रोमानियनमध्ये ग्रहासाठी ‘तेरा’ही चालते, पण ती नंतरची उसनवारी.

इंग्रजीने ग्रहासाठी स्वतःचा जर्मानिक ‘अर्थ’ (earth) हा शब्द ठेवला. त्याचाही मूळ अर्थ माती, जमीन असाच. ‘तेर्रा’ मात्र फ्रेंच, इटालियन आणि विद्वानांच्या लॅटिनमधून इंग्रजीत येतच राहिली. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. टेरियर म्हणजे जमिनीतल्या बिळात घुसून शिकार करणारा कुत्रा. मेडिटरेनियनचा अर्थ तर आपल्या ‘भूमध्य’ या नावात सरळ उतरला आहे. आपल्याकडच्या इमारतींवरची ‘टेरेस’ मुळात मातीची भर घालून केलेला ओटा होती.

१६५१ मध्ये रिच्चोली या इटालियन खगोलज्ञाने चंद्राचा नकाशा छापला. त्यात काळसर सपाट भागांना समुद्र म्हटले आणि उजळ भागांना ‘तेर्रा’. ते समुद्र प्रत्यक्षात थिजलेल्या लाव्हाची मैदाने निघाली, पण नावे टिकली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ आजही इतर ग्रहांवरच्या विस्तीर्ण भूभागांना ‘टेरा’ म्हणतो. मंगळावर अरेबिया टेरा आहे. शुक्रावर इश्तार टेरा आहे आणि तिच्यावरच्या उंच पठाराला आपल्या लक्ष्मीचे नाव दिले आहे. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे पाण्याचा थेंबही टिकत नाही.