संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचा संदर्भ (संशोधनलेखन)

शोधनिबंधातील आकडेमोड कोणत्या सॉफ्टवेअरवर, त्याच्या कितव्या आवृत्तीत आणि कोणते पॅकेज (सॉफ्टवेअरला जोडायचा तयार कोडचा संच) वापरून केली, याची मजकुरात व संदर्भसूचीत नोंद करण्याची पद्धत. दुसऱ्या कुणाला तीच आकडेमोड पडताळून पाहता यावी आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना श्रेय मिळावे, हे तिचे हेतू.

‘माहितीचे विश्लेषण एसपीएसएसच्या साहाय्याने केले’ हे वाक्य प्रबंधांत सर्रास आढळते. त्यातून हाती फारसे काही लागत नाही. एसपीएसएस हे संख्याशास्त्रीय आकडेमोडीचे सॉफ्टवेअर १९६८ पासून आहे आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २००९ मध्ये आयबीएमने ते विकत घेतले आणि त्या सुमारास काही काळ ते पीएएसडब्ल्यू नावाने विकले जात होते. शिवाय दोन घटकांच्या अनोव्हासाठी (गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) एसपीएसएस आपणहून तिसऱ्या प्रकारची वर्गबेरीज (विचलनांच्या वर्गांची बेरीज; ती मोजण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत) घेते, तर आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील मूळ अनोव्हा फंक्शन पहिल्या प्रकारची. गटांतील संख्या असमान असली की एकाच माहितीवर दोघांची पी-मूल्ये (निष्कर्ष ठरवताना पाहिले जाणारे संभाव्यतेचे आकडे) वेगळी येऊ शकतात.

सॉफ्टवेअर तेच, पण आवृत्ती बदलली, तरी उत्तर बदलू शकते. आरमध्ये सीड (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारी संख्या) १२३ ठेवून १ ते १० हे आकडे सँपल फंक्शनने पिसले, तर जुन्या आवृत्त्यांत ३, ८, ४, ७ असा क्रम सुरू होई. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० पासून तो ३, १०, २, ८ असा येतो. यादृच्छिक निवडीची अंतर्गत रीत सुधारली, एवढेच कारण. लेखात सीड दिला आणि आवृत्ती गाळली, तर पडताळणारा विनाकारण गोंधळतो.

संदर्भ कसा द्यावा हे आर स्वतःच सांगते. साइटेशन फंक्शन चालवले की आर कोअर टीम, वर्ष, व्हिएन्ना येथील आर फाउंडेशन असा तयार मजकूर मिळतो. कंसात पॅकेजचे नाव घातले की त्या पॅकेजचा. एलएमई४ या मिश्र प्रारूपांच्या पॅकेजसाठी मात्र बेट्स, मेख्लर, बोल्कर आणि वॉकर यांचा २०१५ चा लेख पुढे येतो. तो जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअरच्या ६७ व्या खंडात आहे. विद्यापीठे लेख मोजतात, कोड मोजत नाहीत. म्हणून पॅकेज लिहिणाऱ्यांना त्यावर लेखही लिहावा लागतो. १९९६ मध्ये निघालेल्या या नियतकालिकाने ती सोय केली. पण नुसता लेख दिल्याने आवृत्ती कळत नाही. ती वेगळी लिहावीच लागते.

स्टाटा, सॅस यांसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरसाठी नाव, आवृत्ती, कंपनी आणि तिचे गाव (स्टाटाचे कॉलेज स्टेशन, सॅसचे केरी) असा रिवाज आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या लेखनशैलीची सातवी आवृत्ती एसपीएसएस किंवा आर यांसारख्या सर्वपरिचित साधनांना संदर्भसूचीतून सूट देते, मजकुरातील आवृत्तिक्रमांकाला नव्हे. ही सूट पॅकेज लिहिणाऱ्यांवर अन्याय करणारी ठरू नये म्हणून पॅकेजचा संदर्भ तरी सूचीत द्यावा. सॉफ्टवेअरलाही लेखाइतकेच संदर्भाचे स्थान द्यावे, असे फोर्स-११ या संशोधन-प्रकाशनाविषयी काम करणाऱ्या गटाने २०१६ च्या तत्त्वांत मांडले.

भारतातील कृषी संशोधनात हिसारच्या कृषी विद्यापीठाचे ओपीस्टॅट आणि गोव्यातील आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेचे वास्प ही संकेतस्थळावरची साधने बरीच वापरली जातात. इथे अडचण निराळी: सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर नसते, त्यामुळे जुनी आवृत्ती जपून ठेवता येत नाही. अशा वेळी संस्थेचे नाव व पत्त्यासोबत वापराची तारीखही लिहावी.