तलंगांना कॅल्शियम पुरवणे
अंड्यावर येण्याच्या बेतातल्या तलंगांना (अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्यांना) खाद्याखेरीज शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी खाऊ घालण्याची पद्धत. अंड्याच्या कवचात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते आणि एका अंड्यामागे कोंबडीचे २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम खर्ची पडते. या खर्चाची तयारी पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी सुरू होते: लांब हाडांच्या पोकळीत मज्जास्थी नावाचे खास हाड धरू लागते. कवच बहुतांशी रात्री चढते. तेव्हा पोटात खाद्य उरले नसले, तर कॅल्शियम या साठ्यातून येते. साठा तोकडा पडला की कवच मऊ निघते, अंडे अडते, कधी कोंबडी पायांनी अधू होते.

घाईही तितकीच घातक. वाढीच्या खाद्यात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरते, लेअर म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात ते ३.५ ते ४ टक्के असते. लहान वयात असे खाद्य आठवडेच्या आठवडे घातले, तर मूत्रपिंडे बिघडून तलंगा दगावतात. संकरित लेअर १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, गावठी त्याहून उशिरा. म्हणून वयापेक्षा लक्षणे पाहावीत: तुरा लालभडक होतो, पाठीवर हात ठेवताच तलंग दबून बसते.

मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि गावठाणांत लहानमोठ्या कोंबड्या बहुधा एकाच खुराड्यात असतात. तिथे चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला गरज आहे ती आपणहून टिपते. कालवे आणि तिसऱ्यांची शिंपले घरातच निघतात. ती गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, २ ते ४ मिलिमीटरची जाडसर कुटावीत. असे तुकडे पेषणीत (खाद्य दळणाऱ्या जठरात) टिकून रात्रभर हळूहळू विरघळतात, पूड मात्र लवकर निघून जाते. पानाचा चुना देऊ नये, तो दाहक असतो.

नुसत्या शिंपल्यांवर भागत नाही. ड जीवनसत्त्वाविना कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि बंद गॅलरीतल्या कोंबड्यांना ऊन मिळत नाही. त्यांच्या खाद्यात ड३ हवेच. एप्रिल-मेच्या उकाड्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचे कवच चुरा देऊनही पातळ येते, तिला आधी सावली आणि गार पाणी द्यावे. अंडे अडलेल्या तलंगेवर घरगुती उपाय करत बसू नये; परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे तिला लगेच न्यावे.