रेन चेक आणि पावसातला बेसबॉल सामना

रेन चेक म्हणजे बेसबॉलच्या तिकिटाचा तो भाग (आता बहुतेक वेळा फोनमधलं तिकीटच) ज्याच्या जोरावर सामना पावसाने वाहून गेला तर प्रेक्षकाला नंतरच्या बदली सामन्याला आत सोडतात. मैदान उघडं, अंदाजात पाऊस, तरी हजारो लोक तिकीट काढून जातात, त्यामागे ही सोय आहे. पाऊस पडला तर नुकसान कोणाचं, क्लबचं की प्रेक्षकाचं, हा या प्रथेतला मूळ प्रश्न आहे आणि अमेरिकेत त्याची सीमारेषा पाचव्या इनिंगवर आखलेली आहे. ही नोंद मुख्यतः अमेरिकेतल्या मेजर लीगबद्दल (तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आहे, जपानबद्दल शेवटी थोडं दिलंय. इनिंग, पिचर, होम टीम वगैरे गोष्टी वाचकाला माहीत आहेत असं धरलंय.

उगम

रेन चेकचं श्रेय बहुतेक लोकप्रिय पुस्तकं एबनर पॉवेल (१८६०–१९५३) याला देतात. हा न्यू ऑर्लिन्स पेलिकन्स या दक्षिणेतल्या टीमचा खेळाडू-मॅनेजर होता. गोष्ट अशी सांगतात की तेव्हा तिकिटं जाड पुठ्ठ्याची असायची, गेटवर गोळा करून तीच परत परत विकली जायची, आणि सामना पावसाने बंद पडला की बाहेर पडणाऱ्या लोकांना उद्यासाठी तिकिटं वाटली जायची. आता रांगेत कोण विकत घेऊन आलं, कोण फुकट पासवर आलं आणि कोण कुंपणावरून उडी मारून आलं हे कसं कळणार, त्यामुळे विकली त्यापेक्षा जास्त तिकिटं वाटली जायला लागली. पॉवेलच्या हे लक्षात आलं आणि त्याने फाडून वेगळा करता येईल असा तुकडा असलेली तिकिटं छापून घेतली, म्हणजे ज्याच्या हातात तो तुकडा त्यालाच परत प्रवेश. वर्ष साधारण १८८९ देतात, काही ठिकाणी १८८७ किंवा १८८८ पण सापडतं.

गोष्ट छान आहे पण तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ती बरीचशी पॉवेलने स्वतः खूप वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींवर उभी आहे. महिलांसाठी खास प्रवेशाचा दिवस आणि मैदानावर ताडपत्री टाकणं ही दोन श्रेयंही त्याच्याच नावावर आहेत, आणि महिलांच्या दिवसाबाबत तर त्याच्या आधीची उदाहरणं नक्की आहेत. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: व्युत्पत्तीकोशांत या शब्दाचा पहिला छापील वापर १८८४ चा दिलेला आहे, आणि १८८४ मध्ये पॉवेल न्यू ऑर्लिन्समध्ये नव्हताच, तो तेव्हा वॉशिंग्टनच्या टीमकडून युनियन असोसिएशन नावाच्या एकाच वर्षात बंद पडलेल्या लीगमध्ये खेळत होता. म्हणजे तो दक्षिणेत जायच्या आधीच हा शब्द वर्तमानपत्राच्या वाचकांना ओळखीचा होता असं दिसतं.

त्यामुळे अलीकडचे अभ्यासक पॉवेलला जनक म्हणायला फारसे तयार नसतात. मधला मार्ग जास्त पटण्यासारखा आहे: पाऊस आला तर परत येऊ देणं ही प्रथा १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या शहरांत आपापली सुरू झाली असावी, आणि तिकिटालाच जोडलेला तुकडा ही जी हिशोबाची युक्ती आहे ती पॉवेलने पक्की केली किंवा निदान तिचा प्रसार केला. ही युक्ती लहान नाही, कारण तिच्यामुळेच फुकटे आणि पैसे भरलेले वेगळे काढता आले आणि मालकांना ही सवलत परवडायला लागली. नॅशनल लीग या तेव्हाच्या मोठ्या लीगने १८९० च्या सुमारास रेन चेकची तरतूद आपल्या घटनेतच घेतली, त्याआधी प्रत्येक क्लब आपल्या मनाने ठरवायचा.

पाचवी इनिंग

नियम असा की पाच इनिंग पूर्ण झाल्या, किंवा होम टीम पुढे असेल तर साडेचार झाल्या, की सामना अधिकृत धरला जातो. त्यानंतर पावसाने थांबवावा लागला तरी निकाल लागतो आणि प्रेक्षकाचं तिकीट वापरलं गेलं असं मानतात. त्याआधी बंद पडला तर परंपरेने तो सामना झालाच नाही असं धरून परत पहिल्यापासून खेळायचा, सगळे रन, सगळे होमरन पुसले जायचे, आणि रेन चेक चालायचा. क्रिकेटमध्ये डकवर्थ-लुईस-स्टर्नचं गणित लावून टार्गेट बदलतात तसलं काही बेसबॉलमध्ये नाही, इथे हिशोब फक्त किती इनिंग झाल्या याचा.

यामुळे पावसाच्या अंदाजातल्या सामन्यात एक वेगळीच घाई आणि वेगळंच टंगळमंगळ दिसतं. पुढे असलेली टीम भराभर आउट व्हायला तयार असते, मागे असलेली टीम बुटाच्या लेस बांधत बसते, पिचरशी गप्पा मारते, आणि हे फार झालं तर अंपायर सामना दुसऱ्या टीमला बहाल करू शकतो.

पुसल्या गेलेल्या होमरनचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण १९६१ चं आहे. १७ जुलैला बाल्टिमोरमध्ये दिवसातला दुसरा सामना पाच इनिंग व्हायच्या आत पावसाने गेला आणि त्याबरोबर रॉजर मॅरिस आणि मिकी मँटल दोघांचा एकेक होमरन गेला. मॅरिसने त्या वर्षी ६१ होमरन मारून बेब रूथचा ६० चा विक्रम मोडला, पण ६१ वा आला तो सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी. बाल्टिमोरचा तो एक धरला गेला असता तर कदाचित इतकं ताणलं गेलं नसतं.

दुसरं उदाहरण शिकागोचं. रिगली फील्डवर कित्येक दशकं दिवे नव्हते, आणि ८ ऑगस्ट १९८८ ला तिथे पहिला रात्रीचा सामना ठरला. फिलाडेल्फियाच्या फिल ब्रॅडलीने सुरुवातीलाच होमरन मारला, शिकागोच्या कब्ज टीमच्या राइन सँडबर्गने त्याच इनिंगमध्ये उत्तर दिलं, आणि साडेतीन इनिंगनंतर जोरदार पाऊस आला. साधारण दोन तास वाट बघून सामना रद्द झाला. त्या वेळात ग्रेग मॅडक्ससकट कब्जचे काही खेळाडू ओल्या ताडपत्रीवर पोटावर घसरगुंडी खेळले आणि स्टेडियमने त्यांना डोक्यावर घेतलं. अधिकृत पहिला रात्रीचा सामना म्हणून नोंद मात्र दुसऱ्या दिवशीची, ९ ऑगस्टची आहे.

प्लेऑफमध्ये हा नियम आता लागू नाही, आणि ते २००८ मुळे. २७ ऑक्टोबर २००८ ला फिलाडेल्फियात वर्ल्ड सिरीजचा (लीगच्या अंतिम फेरीचा) पाचवा सामना थंड पावसात चालू होता, पाच इनिंगनंतर फिलीज २-१ ने पुढे, म्हणजे पुस्तकाप्रमाणे तिथेच थांबला असता तर पावसाने विश्वविजेता ठरवला असता. सहाव्या इनिंगमध्ये टँपा बे ने २-२ केलं आणि मग खेळ थांबला. लीगचे तेव्हाचे प्रमुख (कमिशनर) बड सीलिग यांनी सांगितलं की काहीही झालं तरी सामना पूर्ण होईल, तो २९ तारखेला पुढे सुरू झाला आणि फिलीजने ४-३ ने जिंकला. वर्ल्ड सिरीजमध्ये सामना असा अर्धवट ठेवून नंतर पुरा करण्याची ती पहिलीच वेळ. २००९ पासून प्लेऑफचे सामने जिथे थांबतील तिथूनच पुढे पूर्ण खेळायचे असं ठरलं. कोविडच्या २०२० च्या सीझनमध्ये हीच पद्धत अधिकृत व्हायच्या आत थांबलेल्या साध्या लीग सामन्यांनाही लावली, आणि ती आता तिथेही चालू आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने बघितलं तर ही पद्धत जास्त न्याय्य वाटते.

थांबवायचं कोणी

सामना सुरू करायचा की नाही हे होम क्लब ठरवतो. दोन्ही मॅनेजरनी खेळाडूंची यादी अंपायरच्या हातात दिली की अधिकार अंपायरकडे जातो. खेळ थांबवल्यावर निदान ३० मिनिटं तरी वाट बघितल्याशिवाय सामना रद्द करता येत नाही, आणि जास्तीत जास्त किती थांबायचं याला मर्यादा नाही. १२ ऑगस्ट १९९० ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये व्हाइट सॉक्स आणि टेक्सास रेंजर्सचा सामना ७ तास २३ मिनिटं वाट बघून शेवटी एकही चेंडू न टाकता रद्द केला.

थांबण्याचा सगळ्यात जास्त त्रास पिचरला. तासाभराच्या आसपास बसून राहिलं की हात गार पडतो आणि मॅनेजर सहसा त्याला परत पाठवत नाहीत, त्यामुळे ज्या पिचरला बघायला लोक आलेले असतात तो पावसानंतर दिसेलच असं नाही. उलट बाजूचं उदाहरण २०१६ चं: क्लीव्हलंडमध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नऊ इनिंगनंतर ६-६ असताना १७ मिनिटं पाऊस आला, जेसन हेवर्डने कब्जच्या खेळाडूंना वेट रूममध्ये गोळा करून धीर दिला, आणि दहाव्या इनिंगमध्ये त्यांनी ८-७ ने जिंकून १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद घेतलं.

ताडपत्री

इनफिल्ड झाकायच्या ताडपत्रीला तिथे नुसतं टार्प म्हणतात. मेजर लीगमध्ये ती साधारण १७० फूट लांब आणि तितकीच रुंद असते, मोठ्या नळकांड्यावर गुंडाळून कडेला ठेवतात, आणि ग्राउंड क्रूची पंधरावीस माणसं ती धावत उलगडतात. वारा असेल तर कापड शिडासारखं फुगतं आणि माणसं त्याच्याखाली सापडतात. आउटफिल्डचं गवत उघडंच ठेवतात, जपायची असते ती बेसच्या भोवतालची माती आणि पिचरचा उंचवटा, कारण ती चिकणमाती एकदा चिखल झाली की लवकर वाळत नाही. पाऊस थांबल्यावर तिच्यावर भाजलेल्या मातीची भुकटी पसरून ओल शोषून घेतात. ऊन असताना ताडपत्री जास्त वेळ ठेवली तर खालचं गवत उकडून जातं, म्हणून ती टाकायचा आणि काढायचा दोन्ही निर्णय नाजूक असतात.

पूर्ण इनफिल्ड झाकायची पद्धत १९०८ च्या सुमारास पिट्सबर्गला सुरू झाली असं सहसा मानतात, पॉवेलचा दावा त्याच्या वीस वर्षं आधीचा आहे.

ताडपत्रीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान १३ ऑक्टोबर १९८५ चं. सेंट लुईसला तेव्हा यंत्राने उलगडणारी ताडपत्री होती, सामन्याआधी ती हलायला लागली तेव्हा कार्डिनल्सचा सगळ्यात वेगवान खेळाडू विन्स कोलमन तिच्या वाटेत होता आणि त्याचा डावा पाय खाली सापडला. तो वर्ल्ड सिरीज खेळू शकला नाही आणि कार्डिनल्स कॅन्सस सिटीकडून हरले.

प्रेक्षक

अमेरिकन हवामान खात्याचा ४० टक्के पावसाचा अंदाज म्हणजे त्या वेळात त्या जागी निदान ०.०१ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, पाऊस पडायची शक्यता. त्यावरून किती वेळ पडेल किंवा किती जोरात पडेल हे कळत नाही, आणि रिमझिम पावसात बेसबॉल चालूच राहतो, त्यामुळे ४० टक्के बघून घरी बसणं हे जरा घाईचं. जाणकार लोक टक्केवारी सोडून रडार बघतात आणि पहिले दीड तास कोरडे जातील का एवढंच विचारतात. २०२३ मध्ये पिच क्लॉक (पिचरला चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ) आल्यापासून नऊ इनिंगचा सामना सरासरी २ तास ४० मिनिटांवर आलाय (आदल्या वर्षी ३ तासांच्या वर होता), म्हणजे पाचवी इनिंगही लवकर गाठली जाते. खेळासाठी हे चांगलं आहे, पण रेन चेक हातात पडायची शक्यता त्यामुळे थोडी कमी झाली हेही खरं.

जागा घेताना वरच्या मजल्याच्या छपराखालच्या मागच्या रांगा बघाव्यात, दर कमी आणि अंग कोरडं. छत्री बहुतेक ठिकाणी नकोशी असते कारण मागच्याचं दिसणं बंद होतं, म्हणून पाँचो घालतात. वीज चमकायला लागली तर मात्र सगळ्यांनाच आत जायला सांगतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचा सल्ला असतो. रद्द झालेला सामना बरेचदा डबलहेडर करून म्हणजे एकाच दिवशी दोन सामने लावून भरून काढतात. पैसे परत सहसा मिळत नाहीत, तिकीट बदली सामन्याला चालतं, आणि बाहेरगावाहून विमानाने आलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं ठळक उदाहरण म्हणजे २०२३ ची आयपीएल फायनल: २८ मे ला अहमदाबादला पाऊस आला, सामना राखीव दिवशी गेला आणि जुनंच कागदी तिकीट दुसऱ्या दिवशी चाललं, ते जपून ठेवा असं लोकांना मुद्दाम सांगावं लागलं. मुंबईत १९४८ पासूनची कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात, पण तिथे तिकिटाचा प्रश्नच नाही.

छपराची मैदानं

१९६५ ला ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम झालं आणि तिथे पावसाचा प्रश्न संपला असं वाटलं. तरी १५ जून १९७६ ला शहरात इतका पाऊस झाला की टीम्स पोचल्या पण अंपायर आणि जवळजवळ सगळे प्रेक्षक पोचू शकले नाहीत, सामना रद्द झाला आणि खेळाडू मैदानावरच टेबलं मांडून जेवले. उघडमीट होणारं छप्पर टोरंटोत १९८९ पासून आहे, नंतर मिलवॉकी, मायामी वगैरे.

जपान

जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये सामना अधिकृत व्हायच्या आत रद्द झाला तर सहसा पैसे परत करतात, रेन चेक नाही. टोकियोच्या जिंगू मैदानावर याकुल्ट टीमचे चाहते छोट्या छत्र्या घेऊन येतात, पण त्या पावसासाठी नसतात, रन झाला की उघडून नाचवायला असतात. शालेय मुलांच्या कोशिएन स्पर्धेत पावसाने अर्धवट राहिलेला सामना परत पहिल्यापासून खेळवायचे किंवा पुरेशा इनिंग झाल्या असतील तर तिथेच निकाल द्यायचे. २०२१ च्या उन्हाळ्यात पावसाने स्पर्धेचे फार हाल झाले, ओसाका तोइन शाळेचा एक सामना आठव्या इनिंगमध्येच ७-४ वर संपवावा लागला, आणि २०२२ पासून तिथेही थांबला तिथून पुढे खेळायची पद्धत आली.