कॉफीच्या ग्राइंडरमधला खवटपणा

ताज्या भाजलेल्या बिया आणल्या, पाणी नीट तापवले आणि तरीही कपातून खवट वास येत असेल, तर बियांना दोष देण्याआधी घरचा इलेक्ट्रिक ग्राइंडर उघडून पाहावा. दोष अनेकदा तिथेच सापडतो आणि त्याचे मूळ धुळीत नसून तेलात असते.

अरेबिका जातीच्या बियांमध्ये वजनाच्या सुमारे 15 टक्के आणि रोबस्टामध्ये सुमारे 10 टक्के स्निग्ध पदार्थ असतात. बी अखंड असते तोवर हे तेल बरेचसे आतच राहते. भाजणी जितकी गडद, तितके ते पृष्ठभागावर झिरपते, आणि म्हणूनच काळपट भाजलेल्या बिया चकाकतात. दळताना हे तेल पात्यांवर, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पूड बाहेर पडण्याच्या अरुंद वाटेत बसते. त्यात लिनोलिक आम्लाचे, म्हणजे एका मेदाम्लाचे, प्रमाण मोठे असते, आणि या आम्लाची हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन आधी पेरॉक्साइडे व पुढे हेक्झॅनलसारखी वासाची अल्डिहाइडे तयार होतात. आपल्याकडचे करडईचे तेल लवकर खवट होते, तेही याच आम्लामुळे. आज दळलेली ताजी पूड या जुन्या थरावरून घसरत येते आणि त्याचा वास सोबत घेऊन येते.

घरगुती ग्राइंडर दोन प्रकारचे असतात. पहिल्यात मिक्सरप्रमाणे फिरणारे पाते बिया फोडते. त्याची सफाई सोपी आहे: प्लग काढावा, कोरड्या ब्रशने पूड झटकावी, आणि किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. मूठभर कच्चे तांदूळ फिरवले तर तांदळाचे पीठ तेल शोषून घेते, हा घरोघरचा उपाय या प्रकाराला चालतो. दुसऱ्या प्रकारात जात्याच्या दोन पाळ्यांसारखी दोन दातेरी चक्रे असतात, एक स्थिर आणि एक फिरते. भाजलेली कॉफी ठिसूळ असते, कच्चा तांदूळ तसा नसतो. त्यामुळे या चक्रांत तांदूळ घातल्यास मोटरवर ताण येतो, आणि काही उत्पादक त्याची स्पष्ट मनाई करतात. त्यासाठी धान्यापासून बनवलेल्या खास गोळ्या मिळतात, पण हाताने केलेल्या सफाईला त्या पर्याय ठरत नाहीत.

ती सफाई अशी करावी. दळण्याची जाडी कोणत्या आकड्यावर आहे ते आधी लिहून ठेवावे, उरलेल्या बिया काढून घ्याव्यात आणि वरचे चक्र उचलावे. दातांच्या खाचांत, विशेषतः बाहेरच्या कडेला, तपकिरी, मेणचट थर दिसेल. लाकडी टूथपिकने खरवडला की त्याच्या चिकट पापड्या निघतात, आणि त्या नाकाजवळ नेल्या की कपातल्या वासाची ओळख पटते. पोलादी चक्रे पाण्याखाली धरू नयेत, कारण खाचांत राहिलेला ओलावा गंज आणतो. चक्र बसवताना आट्यांमध्ये पुडीचा कणही राहू देऊ नये. तो राहिला तर चक्र तिरके बसते आणि पूड कुठे भरड, कुठे बारीक पडते.

सांगलीत आणखी एक प्रश्न येतो. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद इथल्या स्वयंपाकघरात असतेच, आणि कॉफीच्याच भांड्यात हळद किंवा मसाला फिरवण्याचा मोह होतो. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. त्यामुळे तेलकट प्लॅस्टिकच्या झाकणात पिवळा रंग मुरतो. अल्कधर्मी साबण लावला तर तो डाग लालसर होतो, जात नाही. प्रकाशाने मात्र कर्क्युमिनचे रेणू तुटतात, म्हणून सुटे झाकण धुऊन उन्हात ठेवावे. रंग गेला तरी मसाल्याचा वास मागे राहतो, तेव्हा कॉफीसाठी भांडे वेगळेच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हवामानाचाही परिणाम मोठा असतो. महाबळेश्वर, सातारा भागात पावसाळ्यात पूड पाहता पाहता सादळते, तिच्या गुठळ्या होऊन नळी तुंबते. त्या महिन्यांत यंत्रात बिया भरून ठेवू नयेत, लागतील तेवढ्याच घालाव्यात, आणि सफाई आठवड्याला करावी. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट होते: घर्षणाने कणांवर स्थितिक विद्युतभार येतो आणि पूड झाकणाला, नळीला चिकटून बसते. अमेरिकेतील संशोधकांनी, ज्यांत ज्वालामुखीच्या राखेचा अभ्यास करणारेही होते, 2023 साली दाखवून दिले की कोरड्या आणि गडद भाजलेल्या बियांवर हा भार अधिक येतो आणि दळण्याआधी बियांना थोडेसे पाणी लावल्यास तो बराच घटतो. चमच्याच्या दांड्याने एक-दोन थेंब बियांत ढवळावेत, त्याहून अधिक नको.

मोटरकडे फारसे पाहावे लागत नाही. पात्याचा ग्राइंडर सलग न चालवता थांबत थांबत चालवावा, म्हणजे मोटर आणि कॉफी दोन्ही तापत नाहीत. हवा खेळण्याच्या फटींवर साचलेला कोंडा झटकावा. दळताना मध्येच खडखड झाली तर बियांत खडा असण्याची शक्यता असते. यंत्र लगेच बंद करून प्लग काढावा. मोटर अडखळत चालली, ठिणग्या वाढल्या किंवा जळका वास आला, तर तिचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, झिजलेले असू शकतात. ते स्वस्तात बदलता येतात, पण वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे, जळेपर्यंत थांबल्यास बहुधा सगळे यंत्रच बदलावे लागते.