पडतो माणूस, दिसतो बाहुला

गणपतीत मैदानात पांढरा पडदा बांधून दाखवलेले जुने मूकपट आठवतात? पोलिसांची पलटण धावत येते, एकमेकांवर आदळते, धडाधड पडते आणि उठून पुन्हा पळत सुटते. कुणाला काही लागलंय असं वाटतच नाही. या वाटण्यामागे कॅमेऱ्याचं हँडल आहे.

असे पोलिसांचे विनोदी मूकपट बनवणारी कीस्टोन कंपनी मॅक सेनेट यांनी १९१२ मध्ये अमेरिकेत काढली, त्या काळी कॅमेरामन हँडल हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात फिल्मच्या आठ चौकटी, म्हणजे आठ सुटी चित्रं, सरकायच्या. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. पाठलागाच्या दृश्यात तो मुद्दाम हात हळू चालवायचा. कमी चौकटींत टिपलेलं दृश्य पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवलं, की माणसं सुसाट पळायची.

पण पळण्यापेक्षा पडणं जास्त बदलतं. वेळ निम्मा झाला, की गुरुत्वाकर्षण दुप्पट नाही, चौपट दिसतं. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला स्वतःच्या उंचीइतकं खाली यायला सुमारे ०.५९ सेकंद लागतात. दुप्पट वेगाने दाखवलं, की ०.२९. एवढ्या वेळात स्वतःच्या उंचीइतकं कोण पडतं, माहीत आहे? जेमतेम ४२ सेंटिमीटरची बाहुली! बाहुली पडली तर कुणाचा जीव कळवळत नाही. मला वाटतं, आपण बिनघोर हसतो ते म्हणूनच.

यातला सगळाच वेग मात्र दिग्दर्शकांना हवा होता असं नाही. बोलपट आले, आवाजासाठी फिल्मचा वेग कायम ठेवणं भाग पडलं आणि सेकंदाला २४ चौकटी ठरल्या. त्या यंत्रांवर १६ चौकटींचे मूकपट चढवले, की सगळंच दीडपट जोरात. हळुवार प्रसंगातही माणसं तुरुतुरु चालू लागली. कितीतरी चांगल्या नटांवर हा अन्याय झाला. हे चित्रपट योग्य वेगाने दाखवलेले मिळाले तर जरूर पाहा. अंगाला वजन असलेली माणसं दिसतात.

ते वजन खरंच होतं. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) या तासाभराहूनही छोट्या चित्रपटात मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो. पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळांवर आपटतो. तो उठतो आणि धावत निघून जातो. त्या आपटण्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. त्याला ते कळलं कितीतरी वर्षांनी, डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला तेव्हा.